पोचा आधी दाखवा: जुनी खेळणी ऑनलाइन विकताना फोटो आणि वर्णन

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितले असतील, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. व्यापारी पोत्यावरच्या नावाकडे बघत नाही. मूठभर हळकुंडं हातात घेतो, एक कटकन मोडतो, आतला रंग बघतो आणि मग बोली लावतो. जुनं खेळणं मोबाइलवर बघणाऱ्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. उलटं करून बघता येत नाही, चाक फिरवता येत नाही, वजन जोखता येत नाही. त्याच्या वतीनं हळकुंड मोडून दाखवायचं काम विकणाऱ्याचं.

ही अक्कल मला एक पार्सल परत आल्यावर आली. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी उतरल्यावर गावभागातल्या आमच्या घराची साफसफाई काढली. माळ्यावरची ट्रंक कोरडी राहिली होती, खालच्या खोलीतलं खोकं भिजलं होतं. दोन्हींत मिळून दादाच्या लहानपणच्या मॅचबॉक्सच्या गाड्या, चावीवर ढोल वाजवणारं पत्र्याचं माकड आणि आजीची पितळी भातुकली. त्यातली एक गाडी मी विकायला टाकली. फ्लॅश मारून तीन फोटो काढले आणि खाली लिहिलं, ‘उत्तम स्थिती’. नाशिकच्या एका संग्राहकानं घेतली आणि आठव्या दिवशी परत पाठवली. पुढचा आस वाकलेला होता, छपराच्या खांबाला केसाएवढी चीर होती. खरं सांगते, मला दोन्ही माहीत नव्हतं. सोबत चिठ्ठी होती, ‘ताई, गाडी छान आहे, पण तुम्हीच ती नीट बघितलेली दिसत नाही.’ येण्याजाण्याचं कुरिअर माझ्या अंगावर पडलं. नंतर तीच गाडी ती चीर आणि तो आस मोठे करून दाखवून विकली. पैसे थोडे कमी आले, पण गाडी गेली ती गेलीच.

कॅमेऱ्याआधी भिंग

खेळणं आधी टेबलावर पांढऱ्या कपड्यावर ठेवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तम, नसलं तर फोन झूम करून बघा. हाताशी कागद-पेन्सिल ठेवा. वरून सुरुवात करून खालपर्यंत या आणि जे दिसेल ते लिहीत जा: बॉनेटवर टवका, उजव्या दारावर चरा, मागच्या चाकाचा टायर चपटा, तळावर गंजाचा ठिपका. प्रत्येक दोषाला नंबर द्या. नंतर जितके नंबर तितके जवळून काढलेले फोटो झाले पाहिजेत. हा कागद फेकू नका, वर्णन लिहिताना तोच समोर लागतो.

धूळ फक्त मऊ कुंचल्यानं झटका, चित्रकलेचा सहा-आठ नंबरचा चालतो. यापुढं हात आवरा. आपल्याकडे विकायची वस्तू म्हटलं की लख्ख करायची खोड आहे. भातुकली दिसली की पितांबरी, नाहीतर चिंच-मीठ. मीही आजीच्या भातुकलीतला बंब असाच घासला आणि पितळेवर पन्नासेक वर्षांत चढलेली तपकिरी झाक दहा मिनिटांत घालवली. संग्राहकाला तीच झाक हवी असते, कारण ती नव्यानं आणता येत नाही. पत्र्याच्या खेळण्यावरचं चित्र तर छापलेलं असतं, ओल्या फडक्यानं चोळलं की रंग उतरतो आणि सांध्यांत पाणी शिरून आतून गंज धरतो. गाडीच्या टवक्यावर नेलपॉलिश लावून बसवायचा मोह झाला तर सरळ टेबलावरून उठा. मूळ रंगावरचा टवका परवडतो, मागाहून लावलेला रंग नाही.

सेलवर चालणारं खेळणं असेल तर सेलचं झाकण उघडून बघा. आत पांढरी किंवा हिरवट खपली दिसली तर सेल पाझरलेत. ती खपली हाताला लागू देऊ नका. जुने सेल काढून टाका आणि त्या खाचेचाही फोटो काढा. गिऱ्हाईक हमखास विचारतं.

चावीच्या खेळण्याची स्प्रिंग एकदम पूर्ण भरू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेली स्प्रिंग तुटू शकते. दोन-तीन वेढे देऊन चालतंय का एवढंच बघायचं.

उजेड

महागडा कॅमेरा लागत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा साधा फोनही पुरतो, पण उजेड मात्र बरोबर लागतो. सगळ्यांत चांगला उजेड उत्तरेच्या खिडकीचा. तिथून थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळे दिवसभर तो एकसारखा मऊ असतो. खिडकी पूर्वेची असेल तर दुपारनंतर काम करा, पश्चिमेची असेल तर सकाळी. दक्षिणेची असेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा नाहीतर आजोबांचं जुनं धोतर टाचा. उन्हाचा कडकपणा मोडतो.

खोलीतले दिवे बंद करा. सगळ्यांची चूक इथं होते. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की फोन गोंधळतो आणि क्रीम रंगाची गाडी एका बाजूनं पिवळी, दुसऱ्या बाजूनं पांढरी येते. भिंतीचाही रंग चढतो. आमची बैठकीची खोली पिस्ता रंगाची, तिथं काढलेली सगळी भातुकली आजारी माणसासारखी दिसत होती.

स्टेशनरीच्या दुकानातून फिकट राखाडी कार्डशीट आणा. पांढऱ्यापेक्षा राखाडी बरी, कारण तिच्यावर पांढरं आणि काळं दोन्ही खेळणं उठून दिसतं. कार्डशीटचं एक टोक भिंतीला चिकटवा, दुसरं टेबलावर ओढून घ्या. मध्ये घडी पडू देऊ नका, सरळ गोलाई राहू द्या. म्हणजे मागं रेघ दिसत नाही. खिडकी डावीकडे असेल तर उजवीकडे थर्मोकोलचा तुकडा उभा करा, सावलीतली बाजू उजळते. तो पुढं-मागं सरकवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. झाला स्टुडिओ. खर्च शंभराच्या आत.

पितळ आणि क्रोम यांचं दुखणं वेगळं. ती समोरचं सगळं अंगावर घेतात: खिडकीची गजं, तुमचं नाक, पंखा. एकदा नारिंगी साडी नेसून फोटो काढला आणि गाडीच्या बंपरवर नारिंगी पट्टा उमटला. घेणारा विचारतो, ‘ताई, गंज आहे का?’ तेव्हापासून या कामाला मी करडा कुर्ता घालते. चकचकीत वस्तूसाठी बटर पेपरचा तंबू करा. मोठ्या खोक्याच्या दोन बाजू आणि वरचा भाग कापून तिथं बटर पेपर चिकटवला की झालं. खेळणं आत, उजेड कागदातून गाळून, आणि पुढून फोन. पितळेवर मग लांब मऊ पट्टा दिसतो, गजं दिसत नाहीत.

पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की उजेड मऊ मिळतो, पण कमी. साताऱ्याकडे, त्यातही महाबळेश्वर-कासच्या बाजूला, जूनपासून कित्येक दिवस खोलीत नीट दिसत नाही. अशा वेळी फोन हातात धरून काम करू नका. पुस्तकांच्या थप्पीला टेकवा, नाहीतर स्टँड घ्या आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बोट लागल्यावर फोन हलतो तो हलूच द्यायचा नाही.

फोनला काय करायचं

आधी लेन्स पुसा. हसू नका, फोडणीचा हात लागलेला असतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फोन खेळण्याच्या नाकाशी नेऊ नका. जवळ गेलं की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आकसतो, सात सेंटिमीटरची गाडी बेडकासारखी दिसते. हात-दीड हात लांब राहा आणि दुप्पट झूमचं बटण दाबा. खेळण्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथंच थांबतो. मग उजेडाची पट्टी थोडी खाली-वर करून, रंग हातातल्या वस्तूशी जुळतो का बघा. पोर्ट्रेट मोड बंद. त्यात मागचं धूसर करता करता फोन गाडीचा आरसा नाहीतर बाहुलीच्या केसांची कड खाऊन टाकतो, आणि घेणाऱ्याला वाटतं आरसा मोडलाय. फ्लॅशही बंद. फिल्टर तर नकोच.

फोन खेळण्याच्या उंचीला उतरवा. उभं राहून वरून काढलेले फोटो घाईत काढल्यासारखे दिसतात. पहिला फोटो पुढून-कडेनं, म्हणजे नाक आणि एक कूस दोन्ही दिसतील असा. यादीत हाच दिसतो, त्यामुळे त्यात खेळणं चौकट भरून हवं. मग पुढून, मागून, दोन्ही कुशी, वरून आणि खालून.

खालून काढलेला फोटो लोक विसरतात, आणि संग्राहक सगळ्यांत आधी तोच उघडतो. बनवणाऱ्याचं नाव, देश, नंबर सगळं तळावर असतं. उठावाची अक्षरं समोरून उजेड टाकला की पुसट होतात. खोलीत अंधार करा, दुसऱ्या फोनची बॅटरी टेबलालगत आडवी धरा, उजेड अक्षरांवरून घासून गेला पाहिजे. प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि ‘मेड इन इंग्लंड’ लख्ख वाचता येतं. पोचे दाखवायलाही हीच युक्ती. पत्र्यावरचा उथळ पोचा समोरच्या उजेडात लपतो, आडव्या उजेडात लपत नाही. अशा वेळी मनात येतंच की राहू दे, दिसत नाही तर बरंच आहे. नाही. तो घेणाऱ्याच्या घरीही खिडकीत दिसणारच आहे.

माप दाखवायला शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. रुपयाचं नाणं ठेवायची रीत आहे, पण आपली नाणी वेळोवेळी लहानमोठी निघालीत आणि परदेशातल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. पट्टी खेळण्याच्या पातळीत हवी. पुढं ठेवली तर मोठी दिसते आणि माप खोटं होतं.

खोकं असेल तर ते अर्धी वस्तू समजा. सहाही बाजू, दोन्हीकडच्या पट्ट्या, आतला भाग, किमतीचं जुनं लेबल. मूळ खोक्यानं किंमत कुठल्या कुठं जाते, म्हणून नकली खोकीही फिरतात. नोटा तपासायची अतिनील (यूव्ही) उजेडाची छोटी बॅटरी बाजारात स्वस्तात मिळते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात तो पदार्थ साधारण १९५० नंतर वापरात आला आणि तो या उजेडात निळसर चमकतो. म्हणजे १९३० च्या दशकातलं म्हणून सांगितलेलं खोकं अंधारात टिपूर चांदण्यासारखं चमकलं, तर विकायच्या आधी थांबा. आमच्या खोक्यांपैकी तीन पुरात भिजलेली. त्यांच्यावर तळापासून बोटभर उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ आहे. ती मी प्रत्येक वेळी वेगळा फोटो काढून दाखवते आणि खाली लिहिते, ‘२०१९ च्या पुराचं पाणी लागलेलं, आता पूर्ण कोरडं’.

चालणारं खेळणं असेल तर पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. चावी भरतानाचा हात, मग चाल, मग थांबणं. वर गाणं घालू नका, घेणाऱ्याला गिअरचा आवाज ऐकायचा असतो. आमचं माकड ढोल वाजवताना मध्येच अडखळतं, तेही तसंच ठेवलं.

फोटो नंतर कापून सरळ करा, थोडा उजेड वाढवला तरी हरकत नाही. रंग भडक करू नका. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, चिरा-टवके पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

महाग वस्तूच्या एका फोटोत चिठ्ठी ठेवा: तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख, हातानं लिहिलेली. वस्तू खरंच तुमच्याकडे आहे, फोटो दुसरीकडून उचललेला नाही, याचा तो पुरावा. संग्राहक तो मागतातच. कॅमेऱ्यातली लोकेशनची सोय आधी बंद करा. फोटोबरोबर घराचा पत्ता जगाला द्यायचं कारण नाही.

ओळख पटवताना पाय घसरतो तो इथं

वर्णनाचा नियम मी एकच ठेवलाय: वस्तूवर लिहिलेलं आणि माझ्या मनातलं वेगवेगळं लिहायचं. ‘तळावर लेस्नी, मेड इन इंग्लंड अशी अक्षरं’ हे लिहिलेलं. ‘दादाला १९७५ च्या सुमारास मिळाली’ ही घरची आठवण. ‘त्याच सुमाराची असावी’ हा अंदाज. तिन्ही एकाच वाक्यात कालवली की भांडण ठरलेलं.

साल ठरवताना तळावरच्या आकड्याला लोक फसतात. बार्बीच्या कमरेजवळ १९६६ कोरलेलं दिसलं की लोक ‘१९६६ ची बार्बी’ म्हणून विकायला काढतात. तो आकडा त्या शरीराच्या साच्याच्या हक्काचा (कॉपीराइटचा) आहे आणि ते शरीर पुढं कित्येक दशकं वापरात होतं. बाहुली १९९० ची असू शकते. हॉट व्हील्सच्या तळावरचं सालही त्या साच्याच्या हक्काचं, गाडी त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेली असते. म्हणून लिहायचं, ‘तळावर अमुक साल कोरलेलं’, ‘अमुक सालची’ नाही.

मॅचबॉक्सचं त्या मानानं सोपं. लंडनच्या लेस्नी कंपनीनं १९५३ मध्ये हे नाव सुरू केलं. १९६९ पासून ‘सुपरफास्ट’ नावाची पातळ आसाची, सुसाट पळणारी चाकं आली. त्याआधीच्या गाड्यांची चाकं साधी. १९८२ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली आणि पुढं गाड्या मकाऊ, चीन अशा ठिकाणी बनू लागल्या. म्हणून ‘लेस्नी’ आणि ‘इंग्लंड’ ही अक्षरं संग्राहकाला जवळची. १:६४ (खऱ्या गाडीचा चौसष्टावा भाग) असं प्रमाण मात्र आपल्या मनानं लिहू नका. सुरुवातीच्या मॅचबॉक्स गाड्या प्रमाणात नसायच्या, खोक्यात मावतील एवढ्या बनवायच्या. बस आणि मोटार दोन्ही जवळपास सारख्याच लांबीच्या! लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि मोकळे व्हा.

डिंकी या इंग्लंडच्या धातूच्या खेळण्यातल्या जुन्या गाड्यांत एक रोग असतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की काही वर्षांनी धातू आतून फुगतो, भेगा पडतात, शेवटी तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत तो जास्त. त्याला औषध नाही. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तो साधा ‘जुनेपणा’ नाही, स्पष्ट लिहा.

भारतात बनलेलं म्हणजे कमी, ही समजूत सोडा. डिंकीचे साचे कोलकात्याला आल्यावर तिथून ‘निकी टॉइज’ नावाच्या गाड्या निघाल्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलनं इथं जी.आय. जो चे शिपाई बनवले. त्यातले काही अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्याच रंगांत, आणि म्हणूनच बाहेरचे लोक ते शोधत असतात. त्यामुळे ‘मेड इन इंडिया’ हे लपवायचं नाही, शीर्षकात टाकायचं. या शिपायांची लांबी सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. दोन जागा तपासा: हाताचा अंगठा आणि कंबर. अंगठे बंदूक धरता धरता मोडतात, आणि कमरेत आतून एक काळी रबरी कडी असते ती कुजते, मग शिपाई लुळा पडतो. कडी बदलली असेल तर तसं लिहा, त्यानं फार बिघडत नाही.

हॉट व्हील्सच्या ‘सुपर ट्रेझर हंट’ या मुद्दाम थोड्याच काढलेल्या गाड्या २००७ पासून निघतात: पारदर्शक झाकेचा रंग, रबरी टायर, बऱ्याचदा अंगावर ‘टीएच’ ही अक्षरं. साध्या गाडीला रबरी टायर बसवून सुपर ट्रेझर हंट म्हणून विकणारे आहेत. तुमची खरी असेल तर आसाची टोकं आणि तळाची रिबिटं जवळून दाखवा, ती उघडून पुन्हा ठोकलेली नाहीत हे दिसू द्या.

भातुकलीचं वेगळं

भातुकलीवर कुणा कंपनीचं नाव नसतं, त्यामुळे वर्णनातच सगळं. आधी मोजदाद: चूल, शेगडी, बंब, घंगाळ, कळशी, तांब्या, परात, पातेली, झारा, किसणी, जातं, पाटा-वरवंटा. प्रत्येकाची उंची, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ग्रॅममध्ये. वजन लिहिलं की पत्रा किती जाड ते न सांगता कळतं. कुठलं भांडं घडीव, कुठलं ओतीव, हे ओळखता येत असेल तर लिहा. आतून कल्हई आहे का, उडालीये का, कुठं डाग देऊन जोडलंय का. जात्याचा खुंटा मूळचा आहे का नंतर ठोकलाय. नंतरच्या काळातलं स्टीलचं एखादं भांडं भातुकलीत मिसळलेलं असतंच, ते वेगळं काढून दाखवा.

फोटो दोन प्रकारचे काढा. एक संसार मांडल्यासारखा, सगळं रीतसर लावून. तो बघून माणसाचं मन जातं. बाकीचे एकेका भांड्याचे, रांगेत, पट्टी शेजारी. ते बघून माणूस पैसे देतो. मोडीच्या दुकानात पितळेला वजनावर भाव मिळतो, हे लक्षात ठेवून किमान किंमत ठरवा, त्याखाली जाऊ नका.

लाकडी खेळण्याला, सावंतवाडीच्या रंगीत फळांपासून कुणी घरी कोरलेल्या बैलजोडीपर्यंत, छिद्रं बघा. छिद्राशेजारी पिठासारखा ताजा भुगा पडत असेल तर किडा जिवंत आहे. ते खेळणं अजिबात पाठवू नका, घेणाऱ्याच्या घरातलं बाकीचं लाकूडही खाईल.

आणि एक कायद्याचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तूत येऊ शकते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून पन्नास वर्षांच्या गाडीला उगाच ‘अँटिक’ लिहू नका, आणि खरंच शंभरी ओलांडलेलं असेल तर परदेशी गिऱ्हाइकाला हो म्हणू नका. हस्तिदंताची बाहुली किंवा सोंगटी सापडली तर ती विकायचीच नाही, तो गुन्हा आहे.

लिहायला बसा

शीर्षक इंग्रजीत द्यावं लागतं, कारण शोधणारे इंग्रजीत शोधतात. त्यात स्पेलिंग तळावर आहे तसंच उतरवा. क्रम असा: बनवणारा, मॉडेलचं नाव, नंबर, देश, रंग, खोकं आहे की नाही. ‘दुर्मिळ’, ‘सुंदर’, ‘एकदा तरी घ्याच’ यांना जागा वाया घालवू नका. दुर्मिळ आहे की नाही ते घेणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

वर्णन मराठीत लिहा आणि खाली इंग्रजीत. माझं पहिलं होतं ते असं: ‘खूप जुनी दुर्मिळ अँटिक मॅचबॉक्स गाडी, उत्तम स्थिती, लवकर संपर्क करा.’ यातला एकही शब्द तपासता येत नाही. आता त्याच गाडीचं असं लिहिलं असतं:

‘मॅचबॉक्स, तळावर लेस्नी आणि मेड इन इंग्लंड. धातूची, लांबी ६८ मिमी. रंग मूळचा, कुठंही पुन्हा लावलेला नाही. बॉनेटवर दोन टवके, मोठा २ मिमी (फोटो ४). छपराच्या डाव्या पुढच्या खांबाला चीर, हलत नाही (फोटो ५). पुढचा आस थोडा वाकलेला, गाडी सरळ पळत नाही, डावीकडे वळते (व्हिडिओ). चारही चाकं मूळची. काच पूर्ण, पिवळी पडलेली नाही. खोकं नाही. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत होती, वास येतो. आमच्या घरातली, १९७० च्या दशकात घेतलेली, तेव्हापासून घरातच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, लहान मुलांना खेळायला देऊ नये.’

वासाचं वाचून लोक हसतात. पण बाहुलीचे कपडे, खोकी, मऊ खेळणी यांत वास महत्त्वाचा. तंबाखू, ओल, डांबरगोळ्या, काय असेल ते लिहा.

‘मिंट’ हा शब्द जपून वापरा. संग्राहकांच्या भाषेत त्याचा अर्थ कारखान्यातून आली तशी. एक टवका असला तरी मिंट नाही. तसंच ‘चालू आहे’ म्हणण्याऐवजी काय चालतं ते लिहा: डोळे उघडझाप करतात, दिवा लागत नाही, ढोल वाजतो. ठाऊक नसेल तर ‘तपासलेलं नाही’. मला या दोन शब्दांनी बऱ्याच कटकटींतून वाचवलंय.

किंमत ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, काय मिळालं ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढायचा फिल्टर आहे. तिथं तुमच्याच स्थितीची वस्तू शोधा, खोक्यातल्या वस्तूचा भाव बिनखोक्याच्या गाडीला लावून उपयोग नाही.

पैसे घेताना एक लक्षात ठेवा: पैसे येण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. ‘आर्मीत आहे, बदली झालीये, आत्ताच पाठवतो’ म्हणणारा माणूस असा कोड पाठवला की फोन ठेवा. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

पॅकिंगचाही व्हिडिओ घ्या, एकाच दमात, वस्तू तळासकट दाखवून मग बंद करेपर्यंत. गाडीला थेट वर्तमानपत्र गुंडाळू नका, शाई रंगाला चिकटते. आधी बटर पेपर, मग बबल रॅप. रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर उन्हाळ्यात तापलेल्या टेम्पोतून जाताना गोल गोल ठसे रंगावर उमटतात. भातुकलीतलं प्रत्येक भांडं वेगळं गुंडाळायचं, झारा कळशीत घालायचा नाही. खोकं हलवून कानाशी धरा. आत काही खडखडलं तर पुन्हा उघडा.